अडवून ठेवलेली खेळी

यजमानांच्या डोळ्याची पट्टी सोडवायला अकोल्याच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी मोर्शीकडचा एक माणूस मोबाइलवर राज्य-राज्य खेळत होता. बायको आत ऑपरेशनला, आणि हा खेळतो! मला रागच आला.

"जिंकून राहिला काय, बाप्पा?" मी टोचलं.

"कायचं, मावशी! हे चार राजे कॉम्प्युटरचे हायेत. मी एक गाव वसवतो, तवर थे तीन वसवतात."

त्याचा अंगठा मात्र खेळी संपवायच्या बटणावर नुसता अधांतरी धरलेला होता. मधूनच तो पँटला पुसायचा आणि पुन्हा तिथंच धरायचा.

"मंग दाब ना!"

"दाबलं का त्यायची खेळी सुरू होते. तिले आत नेल्यापासून मी दाबलंच नाही. इथं तरी माह्याबिगर काही होत नाही."



तासाभराने नर्स आली. "शुद्धीवर आल्या. तुमाले विचारून राहिल्या."

तो माझा कोणी नव्हता, तरी मीही सुटकेचा निःश्वास टाकला. त्याने बटण दाबलं. कॉम्प्युटरने लगेच त्याची दोन गावं घेतली. मी दाखवायला गेले, तर तो बाकाखाली चपला शोधत होता.

"घेऊ दे, मावशी! सारं राज्य घेऊ दे त्यायले!" म्हणाला, आणि एकाच पायात चप्पल घालून आत पळाला.