थँक यू न म्हणता

आज दुपारी माझ्या नातीने पहिल्यांदाच माझ्यासाठी चहा केला. 'थँक यू' अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. का, ते सांगते.

ऐंशीच्या दशकात मी आणि हे उरुग्वेला घोड्यांवरून हिंडायला गेलो होतो. सकाळी समुद्रकिनारा, दुपारी कुरणं, संध्याकाळपर्यंत पाय असे भरून यायचे की खाली बसवत नसे. मग आमचा वाटाड्या कडू, हिरवा चहा करायचा. भांडं एक, नळी एक, सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचं. उष्ट्याचा विचार बाजूला ठेवून मी प्यायले आणि चक्क आवडला. अमेरिकेत राहून लागलेल्या सवयीने लगेच 'ग्रासियास', म्हणजे तिकडचं थँक यू, म्हणत भांडं परत दिलं.

त्यानंतर भांडं माझ्याकडे येईचना. दुसऱ्या दिवशीही तेच. माझं काय चुकलं, कळेना.

शेवटी वाटाड्या हसून तोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, "इथे थँक यू म्हणजे पुरे. अजून हवा असेल तर गप्प भांडं परत द्यायचं."

आमच्या आईकडेही असंच होतं की. आभार कोण मानायचं? ताट पुढे करायचं.

म्हणून आज रिकामा कप नातीपुढे धरला. "आजी वॉन्ट्स मोअर," असं घरभर सांगत ती किचनमध्ये पळाली.

तुमच्या घरी असं न बोलता कसं सांगतात?

आणि हो, चहात साखर नव्हती, हे तिला कोणी सांगू नका.