वीस अंश पुढे पळणारा काटा

मी डब्यासाठी भेंडी परतत होते, तेवढ्यात कडी वाजली. दारात शेजारचे केरबाभाऊ. मी 'या' म्हणायच्या आत म्हणाले, "वैनी, भेंडी खाली लागतीय."

बघितलं तर खरंच लागत होती.

हेच नाक आंबीच्या कारखान्यात बावीस वर्षं शेंगदाणे भाजत आलंय. तिथले दाणे लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांकडे जातात. भाजायच्या मशीनचं जुनं पॅनल म्हणजे चार बटणं, दोन दिवे आणि तापमानाचा एक काटा. काटा कित्येक वर्षं वीस अंश पुढे दाखवायचा. खात्यात सगळ्यांना ठाऊक. एकशे साठ हवेत ना, मग काटा एकशे ऐंशीवर न्यायचा. रजिस्टरातही तेच लिहायचं.

दिवाळीनंतर ते पॅनल काढून टचस्क्रीन बसवली. सेन्सर नवा, अगदी अचूक. इंजिनियर अतुलने विचारलं, "भाऊ, दाणे कितीवर भाजता?"

"एकशे ऐंशी," केरबाभाऊंनी ऐटीत सांगितलं.

पहिलाच घाणा कोळसा होऊन बाहेर पडला.

"अहो, काटा खोटा आहे हे सांगायचं नाही का?" मी न राहवून विचारलं.

"त्यांनी आकडा विचारला, मी आकडा सांगितला. काट्याचं डोक्यातच न्हाई आलं, वैनी. इतकी वर्सं तोच आमचा आकडा." मग खाली बघत म्हणाले, "धूर यायच्या आधीच वास आलता मला. पर स्क्रीनला कुणी हात लावायचा न्हाई, असं बजावलं हुतं. मग उभा राहून बघितलं."

आता त्यांना मागच्या खोलीत गोण्या शिवायला बसवलंय. पोरं येता-जाता हाक मारतात, "काय एकशे ऐंशी, जेवला का?" तेही हसतात म्हणे. हे सांगताना मात्र हसले नाहीत. पुढ्यातल्या चहावर साय धरली.

कारखान्याच्या साहेबांना अर्ज लिहून घ्यायला ते आले होते, म्हणून मी कागद-पेन घेतलं. "काय लिहू? पुन्हा मशीनवर घ्या, असं?"

"न्हाई वो. आकडा सुधारलाय त्यांनी. दाणा चांगला निघतोय, माझ्याबिगर." त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. "गोण्यांच्या खोलीत नुसता तागाचा वास येतो. तुमी एवढंच लिवा, रोज पहिला घाणा निघताना मला पाच मिनटं मशीनपाशी उभं राहू द्या."