माशासाठी गवला कचोरा

पवईच्या तलावावर मला माझ्या दोस्ताने नेलं. गिरणीत आमचे साचे शेजारी शेजारी आणि घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीत खोल्या समोरासमोर. दोघंही कोकणातले, पण मी बंदराकडचा आणि तो आतला, नदीकाठचा. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी बंद पडली आणि आम्ही घरी बसलो. तेव्हा तो म्हणाला, "घरात बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा चल, पाण्याकडे बघत बसू." तिथे मागच्या बाजूला तेव्हा कोणी हटकत नसे. नायलॉनचा दोर, गळ, शिशाचा तुकडा आणि वर तरंगायला बूच, एवढंच आमचं सामान.

भांडण व्हायचं ते वासावरून. तळ्यातला मासा वासाने येतो, इथपर्यंत आमचं एकमत. वास कसला, इथे फाटलं. पलीकडच्या काठावर सुट्टीच्या दिवशी रीळवाले साहेब लोक बसत. त्यांच्याकडे परदेशी बाटल्या असायच्या. दोन थेंब पिठावर टाकले की काठावर बेकरी उघडल्यासारखं वाटायचं. ते आम्हाला परवडणारं नव्हतं, आणि परवडलं असतं तरी मी घेतलं नसतं. मी घरून सुकट न्यायचो. तव्यावर भाजून, कुटून, पिठात मळलेली. सुकटीच्या वासाने मेलेला माणूस उठून बसेल, मासा काय!

दोस्त वापरायचा गवला कचोरा. हो, बायका शिकेकाईत आणि दिवाळीच्या उटण्यात घालतात तोच. स्वस्त, आणि चिमूटभर पुरतो. भाजलेला कोंडा, शिळा भात आणि त्यात कुटलेला कचोरा.

"माशाला अभ्यंगस्नान घालतोस काय रे?" मी विचारायचो.

"तुझ्या सुकटीला खेकडे आलेत बघ. जा, गाववाल्यांशी बोल," तो म्हणायचा.

तो समजवायचाही. म्हणायचा, समुद्राला ओढ असते, तिथे वास लांब पळतो, म्हणून तिथे सुकटीसारखा दांडगा वास लागतो. तळ्याचं पाणी बसलेलं. इथे वास हळूच सोडायचा आणि गप्प राहायचं. मी काही ऐकलं नाही. त्याला मासे जास्त लागत हे खरं, पण तो जागाही चांगली धरून बसायचा.

मग त्याचं पोटाचं दुखणं निघालं. हॉस्पिटलात मी एकटाच उशाशी होतो तेव्हा म्हणाला, "हिला मासे सोडायला लावतील. तू बघ." एवढंच. दोन दिवसांनी गेला.

त्यांच्या घराण्यात नवरा गेला की बाई मासळी सोडायची. कोणी जुलूम करत नसे. नुसतं सगळे धरून चालत, आणि बाई मुकाट सोडायची. आम्हा कोकणातल्या सगळ्यांतच तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी तिखटाचं जेवण करतात. सुतकात मासळी शिजत नाही. तिखटाच्या दिवशी शेजारपाजारचे मासे-मटण करून आणतात आणि घरच्यांना वाढतात. त्या ताटात ज्या बाईने मासा घेतला नाही, तिचा तो कायमचा सुटला.

बाराव्या दिवशी गावाहून आलेला त्याचा मोठा भाऊ चार माणसांत म्हणाला, "तिखटाला हिच्यासाठी वरणभात वेगळा काढा."

त्याची बायको, आमच्या वहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. इतक्या दिवसांत तोंडातून शब्द नव्हता. त्या म्हणाल्या, "हे तळ्यावरून आणायचे तसला मासा आला, तर मी खाईन. बाजारातला नको."

"आता तसला कोण आणणार?" भाऊ म्हणाला.

"मी आणणार," मी म्हणालो.

सगळी चाळ ऐकत होती. बोललो ते बोललो. घरी आल्यावर मात्र मनात आलं, बाईने अशी अट घातली ती न खाण्यासाठीच तर नसेल? नाही म्हणायचं नाही आणि हो पण म्हणायचं नाही, अशी बायकांची एक रीत असते.

तेराव्याच्या सकाळी विधीच्या आधी तलावावर जाऊन आलो. बायको सुकट भाजत होती तेव्हाच म्हणाली, "अहो, आज तरी हट्ट सोडा. भावोजी काय घालायचे ते घाला."

"माझा जन्म दर्यावर झाला. मला तू शिकवू नको."

"दर्या मालवणात राहिला. इथे तळं आहे."

खेकडे आले. एक शेंगटी आली, बोटाएवढी, तीही आमिष खाऊन पळाली. रिकाम्या पिशवीने मी परत आलो आणि पंगतीत खाली मान घालून जेवलो.

दुपारी मी स्टेशनाजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. मालक म्हातारा गुजराती शेठ, मोठा धार्मिक माणूस. मी गवला कचोरा मागितला. त्याने बरणीतून काढला, कागदावर ओतला.

"शिकेकाईत घालायला?" त्याने सहज विचारलं.

"नाही. माशाला. गळाला लावायला."

पुडी बांधता बांधता त्याचा हात थांबला. कागद उलगडून त्याने कचोरा परत बरणीत टाकला. "भाऊ, जीव मारायला माझ्या दुकानातून काही नाही देत मी."

"माणूस मेलाय शेठ. त्याच्या बायकोला जेवायला घालायचंय."

"तर डाळभात घाला ना. ती उपाशी आहे काय?"

"उपाशी नाही. तिला मासे सोडायला लावतायत."

"मग सोडू दे. चांगलंच आहे. पुण्य लागेल तिला."

"तिने आपणहून सोडले तर तिला लागेल. दुसऱ्यांनी सोडायला लावले तर ते पुण्य कोणाच्या नावावर?"

शेठने तो कागद घडी करून ठेवला. बरणीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "शिकेकाईसाठी म्हणाला असतास तर आतापर्यंत घेऊन गेला असतास."

"शिकेकाईसाठी नको होता."

त्याने हात जोडले. मीही जोडले आणि पायऱ्या उतरलो. राग आला होता, पण त्याचं चुकलं असं म्हणता येईना. तो त्याच्या धर्माला धरून होता.

बायकोला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "एवढंसं खोटं बोलला असतात तर काय जीभ झडली असती? थांबा, मी दुसऱ्या दुकानातून आणते."

"कोणी कुठे जायचं नाही. आता मागून आणायचं नाही आणि चोरूनही आणायचं नाही."

"मग परत सुकट?"

"परत सुकट."

ती तरातरा समोरच्या खोलीत गेली. काय बोलली मला माहीत नाही. दिवेलागणीला वहिनी स्वतः आमच्या दारात आल्या. हातात वर्तमानपत्राची पुडी.

"भावोजी, घ्या. शिकेकाईचा डबा रिकामा केला. कचोरा तेवढा निवडून काढलाय. ते माझ्या डब्यातूनच चोरायचे, मी ओरडायची."

"माझ्याकडे सुकट आहे, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तुम्ही त्यांचं कधी ऐकलं नाहीत. नका ऐकू. पण उद्या जेवायचं मला आहे, तुम्हाला नाही."

तेव्हा मला कळलं. अट न खाण्यासाठी नव्हती. बाईला खायचं होतं, आणि नवरा जाऊन तेरा दिवस झालेली बाई "मला मासा हवा" असं कोणाला सांगणार? मी पुडी घेतली.

पहाटे बायकोने पाट्यावर कचोरा वाटला. घरभर दिवाळीच्या आंघोळीचा वास सुटला. ती वाटता वाटता रडायला लागली, आणि मी दोर गुंडाळत पाठ करून बसलो.

तलावावर त्याची जागा मोकळी होती. तिथे बसलो नाही, माझ्याच जागेवर बसलो. कोंड्याचा गोळा गळाला लावला, हळूच पाण्यात सोडला आणि गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमत नाही, पण त्या दिवशी बोलायला शेजारी कोणी नव्हतं. ऊन वर यायला लागलं. पलीकडे धुणं आपटायला सुरुवात झाली. मी मनात म्हणालो, नाही आला तर चाळीत कुठल्या तोंडाने जाणार? मग वाटलं, माझ्या तोंडाचं जाऊ दे. त्या बाईसमोर वरणभात ठेवतील आणि ती तो जेवेल. उरलेल्या आयुष्यभर जेवेल.

बूच आधी थरथरलं. मग आडवं सरकलं आणि एकदम खाली गेलं. मी दोर ओढला तेव्हा हातात जिवंत ओझं होतं.

रोहू. फार मोठा नाही, हातभरसुद्धा नव्हता. काठावर उड्या मारायला लागला. त्याच्या डोक्यात मारायला मी दगड उचलला तेव्हा शेठ आठवला. हात थांबला नाही, पण आठवला हे खरं.

जेवणाला खोलीत माणसं मावत नव्हती. शेजाऱ्यांनी मटण आणलं होतं, कोणी सुरमई तळून आणली होती. माझ्या बायकोने रोहूच्या तुकड्यांना चिंच-हळद लावून आमटी केली होती. ती तिने वहिनींच्या ताटात वाढली, डोक्यासकट. दुसऱ्या कोणाला दिली नाही.

मोठा भाऊ म्हणाला, "एकदा विचार कर. आपल्या घरात आजवर कोणी..."

"दादा," वहिनी म्हणाल्या, "वरणभात काढलाय ना? तो तुम्ही घ्या."

कोणीतरी हसलं. भाऊ ताटाकडे बघत बसला. वहिनींनी भातावर आमटी घेतली. रोहूला काटे फार. त्या एकेक काटा काढून ताटाच्या कडेला लावत होत्या, घाई नाही, आणि आम्ही सगळे हात थांबवून बघत होतो. पहिला घास तोंडात गेला. त्यांनी डोळे मिटले. गालावरून पाणी वाहत हनुवटीपर्यंत आलं. डाव्या हाताने पदर घेऊन त्यांनी ते टिपलं आणि उजव्या हाताने दुसरा घास केला.

मग माझ्या बायकोला म्हणाल्या, "थोडा भात वाढ गं."