मापासाठी ठेवलेला अडकित्ता

आमच्या ग्रुपवर कुणी 'शेवटचा भाव बोला' असं लिहिलं, की ॲडमिन त्याला आधी गोडीत समजावतात. तोच माणूस पुन्हा तसं बोलला की त्याला बाहेरचा रस्ता. जुने दिवे, पानाचे डबे, अडकित्ते असलं पितळी सामान जमवणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचा हा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी त्यात विकणारी. राजापूरच्या बाजारात एका भांडीवाल्याकडे मोडीत आलेलं सामान पडलेलं असतं. त्यातलं निवडून आणायचं, चिंचेने घासायचं, फोटो काढायचा आणि खाली किंमत लिहून टाकायचा. जो पहिल्यांदा 'बुक' लिहील, त्याची वस्तू. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं की व्यवहार झाला. मग दुसऱ्या कुणी दुप्पट देऊ केले तरी त्याच्याकडे बघायचं नाही. इनबॉक्समध्ये कुजबुज नाही. वस्तू पोचली की घेणाऱ्याने फोटोसकट 'मिळालं' असं लिहायचं, पॅकिंगबद्दल दोन बरे शब्द बोलायचे, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

लग्नाच्या मांडवातसुद्धा माणसं एकमेकांशी एवढी नीट वागत नाहीत. मला हे सगळं फार आवडायचं. घरात मी 'अगो' आणि शेजारीपाजारी 'वहिनी'. ग्रुपवर मात्र 'रत्नागिरीच्या ताई म्हणजे डोळे झाकून घ्या' असं लोक एकमेकांना सांगत. माझ्या शब्दाला असं वजन दुसरीकडे कुठेच नव्हतं, माहेरीसुद्धा नाही.

त्यातला एक नियम तर माझ्याच हट्टामुळे आला. एकाने लामणदिव्याचा फोटो साखळीसकट टाकला आणि दिवा पाठवला बिनसाखळीचा. विचारलं तर म्हणे साखळी शोभेपुरती होती. दिवा माझा नव्हता, पण मी ग्रुपवर अशी काही भांडले की शेवटी ॲडमिननी नियमच केला, की फोटोत दिसेल ते विक्रीला. दोन दिवस सगळे माझं कौतुक करत होते. मीही ते गोड मानून घेतलं.

आमच्या घरी तेव्हा आणि आताही आम्ही दोघंच, सासरे आणि मी. नवरा मुंबईला नोकरीत, महिन्यातून एकदा येतो. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ जड झाली. आयुष्यभर आंब्याच्या बागा सांभाळलेला, चारचौघांत बसणारा हा माणूस त्या दिवसापासून कुणासमोर येईना. कुणी बघायला आलं की खांद्यावरचा पंचा तोंडावर ओढून घेत आणि झोपलो आहे असं दाखवत. मला त्यांना सोडून भाजीच्या दुकानापलीकडे जाता येत नसे. राजापूरला जाणंही बंद झालं. भांडीवाला फोनवर सामान दाखवी आणि निवडलेलं एस.टी.च्या पार्सलने पाठवी. म्हणजे बाहेरचं जग काय ते फोनमध्ये. खोटं कशाला बोलू, कधीकधी त्या घरात माझा जीव गुदमरायचा.

सासऱ्यांना एक गोष्ट मात्र जमायची. पानाच्या डब्यातला त्यांचा साधा अडकित्ता डाव्या हाताने धरायचा आणि दुपारच्या चहानंतर सुपारी कातरायची. डाव्या हाताला सवय नव्हती, सुरुवातीला सुपारी उडून पलंगाखाली जायची आणि मी ओणवी होऊन शोधायची. हळूहळू जमलं. दात नसल्यामुळे खाणं नव्हतंच. कातरलेली सुपारी मी बरणीत भरायची आणि शेजारणींना वाटायची. शेजारीण दारातूनच मोठ्याने म्हणायची, काका, काय बारीक कातरलीत हो. ते आत पंच्याखाली ऐकत. दिवसभरात तेवढी एक गोष्ट ते दुसऱ्याला देत, बाकी सगळं घेतच असत. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी खिडकीतून खाली टाकला.

एकदा भांडीवाल्याकडून चांगले अडकित्ते आले, मोराचा, घोड्याचा, एक राघूमैनेचा. ओळीने कापडावर मांडले. मापासाठी शेजारी रुपयाचं नाणं ठेवायची पद्धत आहे. पण हल्ली भाजीवालीलासुद्धा फोनवरून पैसे जातात, घरात नाणं सापडेना. गॅसवर पेज उतू जात होती. हाताशी सासऱ्यांचा अडकित्ता होता, तोच शेजारी ठेवला. साधा अडकित्ता केवढा असतो ते सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावरून बाकीच्यांचं माप कळेल. फोटो काढला आणि खाली किंमत टाकून लिहिलं, 'सगळे एकत्रच द्यायचे आहेत.' साधा अडकित्ता मापापुरता आहे, एवढं लिहायचं राहिलं आणि मी पेजेकडे धावले.

सासऱ्यांना चमच्याने पेज भरवता भरवता फोन वाजला. नाशिककडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने 'पूर्ण फोटो बुक' लिहिलं होतं. मी डाव्या हाताने हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग त्यांनी लिहिलं, 'आभारी आहे ताई. खरं सांगू का, मोर-घोडे माझ्याकडे पुष्कळ आहेत. मी साध्यासाठी घेतोय. मुठीवर अंगठ्याची जागा झिजून खोलगट झालीय, असा हातातला अडकित्ता कुणी विकायला काढत नाही.'

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. सासरे तोंड उघडून वाट बघत होते.

मला पहिल्यांदा राग आला तो त्या गृहस्थाच्या नजरेचा. एवढ्या फोटोत त्याला नेमकं तेच दिसावं? मग स्वतःचा आला. तशीच ग्रुपवर लिहायला बसले, की तो साधा अडकित्ता विक्रीचा नाही, घरातल्या वडील माणसाचा आहे, त्यांचा जीव आहे त्यावर. लिहिलं, वाचलं आणि पुसलं. कारण जास्त भाव देणारा दुसरा भेटला की विकणारे लोक हेच लिहितात. घरच्यांचा जीव आहे, वडिलांची आठवण आहे, आईने नाही म्हटलं. हसं करायचो आम्ही त्या वाक्यांचं, आणि त्यात मी पुढे असायची. आता तेच वाक्य माझ्या तोंडी खरं होतं आणि ते वापरायची सोय मीच ठेवली नव्हती.

शेवटी रीत मोडून त्या गृहस्थांना इनबॉक्समध्ये लिहिलं. खरं काय ते सगळं सांगितलं, बाकीचे अडकित्ते कमी भावात देते म्हटलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. पण त्यांचं उत्तर आलं ते फार आदराचं. ताई, माझा विश्वास आहे, पण आपण इनबॉक्समध्ये बोलणं बरं दिसत नाही, ॲडमिनना विचारू या. ॲडमिनसुद्धा भला माणूस. ते म्हणाले, ताई, तुम्हाला सोडलं तर उद्या प्रत्येक जण सोडा म्हणेल. एक करा. सासऱ्यांचा सुपारी कातरतानाचा छोटा व्हिडिओ ग्रुपवर टाका. लोकांना दिसेल, कुणी तुम्हाला बोल लावणार नाही.

माझ्या भल्यासाठीच सांगत होते दोघेही. मला वाटलं फोन भिंतीवर आपटावा. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, मग पड की बाहेर ग्रुपमधून, एवढं काय त्यात? त्याला ते सोपं होतं. तो रोज सकाळी दार उघडून बाहेर पडत होता.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. चहानंतर कडक्-कडक् आवाज सुरू झाला की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. तिसऱ्या दिवशी मनाशी ठरवलं, हातांचाच व्हिडिओ घेऊ, तोंड येऊ द्यायचं नाही. दारात उभी राहून फोन धरला. त्यांनी मान वर केली, फोन बघितला आणि अडकित्ता टाकून आधी पंचा ओढला. पंच्याआडूनच विचारलं, "फोटो कशाला गो काढतेस माझा?"

खोटं बोलून उपयोग नव्हता, त्यांना माझ्या आवाजावरून कळतं. पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. माप, पेज, बुक, व्हिडिओ. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, की बुक म्हणजे काय आणि त्यावर मी काय म्हटलं. मी म्हटलं, हात जोडले.

मग एकेक शब्द सावकाश जुळवत म्हणाले, "म्हणजे विकलास तो. मग आता माझं हे तोंड कशाला दाखवतेस लोकांना?"

मी म्हटलं, नाही देत मी, ग्रुप सोडते. त्यावर त्यांना राग आला. झटक्यानंतर इतका राग मी पाहिला नव्हता. त्यांच्या काळी बागा मोहोरावर द्यायचे, झाडाखाली उभं राहून तोंडी. मोहोर बघून शब्द द्यायचा, पुढे फळ कितीही धरलं तरी शब्द तोच. एका वर्षी अमाप आंबा आला आणि शब्द दिलेल्या व्यापाऱ्याने ठरल्या भावातच सगळी बाग डोळ्यांदेखत उतरवून नेली, ही हकिगत घरात सगळ्यांनी ऐकलेली. ती ते पुन्हा सांगू लागले, पण अर्ध्यावर जीभ अडली. मग नुसतं म्हणाले, "माझ्यापायी या घराचा शब्द मोडलेला मला नको. दे तो."

मला त्यांचाही राग आला. ग्रुप सोडायला मी तयार झाले होते, ते दारही त्यांनी लावून टाकलं. शब्द मोडला तर त्यांना लागणार, पाळला तर त्यांच्याच हातचं जाणार. आणि दोन्हीकडे करणार मीच.

पार्सल बांधताना त्यांनी पलंगाजवळच बसायला सांगितलं. मोर, घोडा, राघूमैना मी वर्तमानपत्रात गुंडाळले. साध्याची पाळी आली तेव्हा म्हणाले, कागदाने चरे पडतील, माझं जुनं धोतर घे. विरलेलं, मऊ झालेलं धोतर होतं. मी ते फाडलं. त्यांनी डाव्या हाताने अडकित्ता मिटला, पातं आत गेलं का बोटाने चाचपून पाहिलं आणि माझ्या हातात दिला. रिक्षावाल्याकडे पार्सल देऊन परत आले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, पंचा तोंडावर नव्हता.

नवा अडकित्ता मी त्याच आठवड्यात मागवला. त्यांनी तो हातात घेतला, एकदा उघडमीट केला आणि चांगला आहे म्हणून उशाशी ठेवला. बोट घसरतं म्हणाले. सुपाऱ्या डब्यात तशाच राहिल्या. शेजारणीने दारातून विचारलं, काकांनी सुपारी सोडली का, तर मी हात दुखतो म्हणून सांगितलं.

मग 'मिळालं' आलं. त्या गृहस्थांनी मोर-घोड्यांचा फोटो टाकलाच नाही. टाकला तो आपल्या तळहाताचा. हातात साधा अडकित्ता आणि मुठीवरच्या खोलगट जागेत त्यांचा अंगठा. खाली लिहिलं होतं, 'अगदी माझ्यासाठीच झिजवल्यासारखा. ताईंचं पॅकिंग तर काय सांगावं, इतकं मऊ कापड हल्ली कोण वापरतं!' टाळ्याच टाळ्या पडल्या. ॲडमिननी लिहिलं, शब्द असावा तर असा. रीतीप्रमाणे उत्तर द्यायला हवं होतं. मी 'धन्यवाद दादा' लिहिलं आणि हात जोडले.

सासऱ्यांनी आतून विचारलं, पोचला का? मी हो म्हटलं. काय म्हणाले ते, असं पुढे विचारलं. मी फोन त्यांच्यापुढे नेला नाही. म्हटलं, पॅकिंग आवडलं त्यांना.

"धोतर होतं ना," ते म्हणाले, आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसले.

चहाची वेळ झाली होती. मी त्यांना टेकवून बसवलं, कप दिला, रिकामा झाल्यावर काढून घेतला आणि चादर नीट केली. कप घेऊन जायला निघाले तर चादरीखाली त्यांचा डावा हात हलत होता. मूठ उघडत होती, मिटत होती, सावकाश, सुपारी कातरतात तशी. मी कप तसाच धरून दारात उभी राहिले. माझी पावलं ऐकू आली नाहीत म्हणून त्यांनी वर बघितलं आणि हात थांबवला.