मामाच्या अंगाचा वास

मामीचं सगळं आयुष्य एका वासाशी भांडण्यात गेलं. डांबराच्या वासाशी. माझा मामा गॅसच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. बंद भट्टीत दगडी कोळसा भाजायचा, त्यातून निघालेला गॅस धुऊन, त्यातलं डांबर काढून पाण्यात उपड्या ठेवलेल्या मोठ्या लोखंडी टाकीत भरायचा, मग तो नळांतून गावभरच्या चुलींना जायचा. गॅस भरला की टाकी वर चढायची, घराघरांत स्वयंपाक सुरू झाला की हळूहळू खाली बसायची. लहानपणी मला वाटायचं, ती झोपली आहे आणि श्वास घेते आहे. मामाला सांगितलं तर म्हणाला, "मग हळू बोल, जागी होईल." पुढे कितीतरी दिवस मी त्या रस्त्याने चवड्यांवर चालले.

गॅस गावाला गेला, डांबर मामाला चिकटलं. केसांत, नखांत, उशीत. मामी त्याला उंबरठ्याबाहेरच अडवायची. "आधी पाय धुवा, मग घरात या." मामा निमूट मागच्या दारी जायचा, साबणाची वडी झिजवायचा, पण वास कुठला जातोय. त्याला स्वतःला तो येतच नसे, भट्टीने त्याचं नाक केव्हाच कामातून घालवलं होतं. "अगं, पण वास आहे कुठे?" असं तो इतक्या भोळेपणाने विचारायचा की मामीचा पारा आणखी चढायचा.

कारखान्याच्या कुंपणापाशी आया आपली डांग्या खोकल्याची पोरं घेऊन उभ्या राहायच्या. डांबराच्या वाफेने छाती मोकळी होते, असा सगळ्यांचा समज. भट्टीचं दार उघडायच्या आधी मामा त्यांना हाक द्यायचा. मलाही तिथे उभं केलं होतं. खोकला गेला खरा, पण वाफेने गेला की कंटाळून, देव जाणे.

मग जमिनीखालचा तयार गॅस लांबून नळाने यायला लागला आणि कारखाना बंद पडला. टाकी खाली बसली ती बसलीच. वास आधी मामाच्या केसांतून गेला, मग कपड्यांतून, सगळ्यात शेवटी उशीतून. मामी जिंकली, असं आम्ही तिला चिडवायचो.

अलीकडे मामी विसरायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग आम्ही. आणि यंदा तिने जेवणच सोडलं. ताट पुढे ठेवलं की म्हणायची, "ते आले की बसते." मामा समोरच बसलेला. "अगं, मीच तो," म्हणायचा. ती त्याच्याकडे वाकायची, हुंगायची आणि मान हलवायची. "तुम्ही कोण ते मला माहीत नाही. आमचे हे कामावरून यायचे आहेत." अगदी सभ्यपणे, परक्याला सांगावं तसं. अशीच उपाशी राहिली तर ती हाताला लागणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामा स्वयंपाकघरात जाऊन रडला. मला भयंकर राग आला, आणि तो काढायला कोणी सापडेना.

पण ती हुंगते कशाला, हे माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी उजेड पडला. मी ट्रंकेतून मामाचा भट्टीवरचा कोट काढला. मामीने तो इतका स्वच्छ धुऊन ठेवला होता की मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच सुमारास कारखान्याची जागा साफ करायला घेतली होती. खाली मुरलेल्या डांबराची काळी माती उकरून ट्रकांत भरत होते आणि आसपासचे लोक खिडक्या लावून शिव्या देत होते. मामाला यातलं काहीच कळलं नव्हतं, नाक नाही ना. मी म्हटलं, "कोट घाल आणि चल."

तोंडाला मास्क लावलेल्या मुकादम बाईने आम्हाला आत सोडलं नाही. माती विषारी आहे म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं. मग आम्ही कुंपणाबाहेर, आतून वारा येत होता त्या बाजूला उभे राहिलो. आया उभ्या राहायच्या तिथेच. दुपार संथ होती, मातीवरून हवा थरथरत होती. मामा बोट दाखवत होता, इथे माझी भट्टी, इथे आम्ही डबा खायचो. ऐकता ऐकता मला ती टाकी पुन्हा वर चढताना दिसायला लागली. मध्येच तो म्हणाला, "हे सगळं आम्हीच करून ठेवलंय ना गं?"

"गाव जेवलं त्याच्यावर," मी म्हटलं.

ऊन कललं तेव्हा त्याने बाही माझ्या नाकाशी धरली. "येतोय का वास?"

"येतोय."

"खरं सांग."

"मामा, मला मळमळतंय."

"मग चल," तो म्हणाला.

घरी मामी झाकल्या ताटापुढे बसली होती. मामा उंबरठ्याबाहेर थांबला. आत यायचा धीरच होईना त्याला. मामीचं नाक हललं. तिने वळून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आधी पाय धुवा, मग घरात या. ताट कधीचं निवतंय."

मामा मागच्या दारी गेला. नळाखाली पाय तेवढे ओले केले आणि कोटासकट तिच्याशेजारी येऊन बसला. अंगाला त्याने पाण्याचा थेंब लागू दिला नाही.