पोहोचवायचा राहिलेला फोटो

मी शाळेत असताना आम्ही सोनागिरीत राहायचो. बाबा शेजारच्या मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर होते. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी त्यांना भीमबेटक्याला जायची हुक्की येई. तिथे टेकडीवर प्रचंड खडक आहेत आणि त्यांच्या पोटाशी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेली हत्ती-हरणांची चित्रं. होशंगाबादची बस आम्हाला फाट्यावर सोडायची. पुढे रेल्वेचं फाटक ओलांडून सागाच्या झाडांतून चढ चालायचा. वर पोचलं की आम्ही तिघं, वारा आणि एक चौकीदार. बाबा खडकाखाली पंचा अंथरून आडवे होत आणि म्हणत, "बघ निवांत. घाई कुणाला आहे?" ती शांतता मला अजून आठवते. पान पडलं तरी ऐकू यायचं.

अशाच एका रविवारी उतरताना आईचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म सुजला. फाट्यापर्यंत चालणं शक्यच नव्हतं. चौकीदार म्हणाला, "बहनजी, आप बैठिए. मैं कुछ करता हूँ." तो पायथ्याच्या गावात गेला आणि बैलगाडी घेऊन आला. गाडीत पेंढा पसरलेला, सोबत त्याची बायको. तिने आईच्या घोट्याला गरम हळदीचा लेप लावला, फडकं बांधलं. त्यांच्या घरी आम्ही मक्याची रोटी खाल्ली, आईने आपल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्यांच्या पुढ्यात ठेवली. निघताना बाबांनी कारखान्यातल्या मित्राकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्याने नवराबायकोचा गाडीपाशी फोटो काढला. बायको पदर सावरत हळूच म्हणाली, "भाईसाहब, हमको भी देंगे ना?" बाबा म्हणाले, "हाँ हाँ, ज़रूर."

आता बाबा नाहीत. मी त्याच शहरात, तुलसी नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. आई ऐंशीच्या घरात आहे. मुलगी पुण्याला नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात ती सुट्टीवर आली आणि म्हणाली, "पप्पा, भीमबेटका चलूया ना. सगळे तिथले रील टाकतायत." मी नाक मुरडलं. पण आई आतून म्हणाली, "मी पण येते."

रेल्वे फाटकाच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागली होती. वर पोचायला पाऊण तास गेला. गाडी लावायला जागा नव्हती. एक बस रिकामी होत होती, कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी, आणि पहिल्या खडकापाशी फोटोसाठी ओळ. माझा संयम सुटला.

"बघितलंस?" मी मुलीला म्हणालो. "हे पर्यटक. यांना काही बघायचं नसतं, आलो होतो एवढंच दाखवायचं असतं. आम्ही प्रवासी होतो. चालत यायचो, तासन्‌तास बसायचो."

 मागच्या सीटवरून आई म्हणाली, "चालत आलो खरे. जाताना दुसऱ्याच्या बैलगाडीतून गेलो." तिने पर्स उघडून एक जुनं पाकीट काढलं. आत तो फोटो होता. कडा पिवळ्या पडल्या होत्या, माणसं मात्र स्पष्ट.

"हा द्यायचा राहिला," ती म्हणाली. "धुऊन आला तेव्हा म्हटलं, पुढच्या खेपेला नेऊ. पुढच्या खेपेला घरीच विसरलो. मग तुझे रविवारचे क्लास सुरू झाले, येणंच संपलं. त्या बाईने आपल्याकडे एवढं एकच मागितलं होतं. आपण फोटो काढला आणि निघून आलो. त्याला काय म्हणायचं, ते तूच सांग."

 मी पाकीट घेऊन खाली उतरलो आणि गाड्यांच्या कडेला मांडलेल्या टपऱ्यांवर विचारू लागलो. चहाच्या टपरीवरच्या बाईने पदराला हात पुसून फोटो घेतला आणि बघतच राहिली.

"ये तो मेरे सास-ससुर हैं," ती म्हणाली.

दोघंही जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासऱ्याचा चौकीदारीच्या कार्डावरचा एक फोटो घरात होता. "अम्मा का तो एक भी नहीं था," असं म्हणून ती मटकन स्टुलावर बसली. मी आईला धरून आणलं. दोघींनी एकमेकींचे हात हातात घेतले. आईने तिला लेपाची, मक्याच्या रोटीची सगळी हकिकत सांगितली. मध्येच ती गर्दीकडे बघून म्हणाली, "बहुत तकलीफ़ होती होगी ना आपको?"

"सोमवार को कचरा हम ही उठाते हैं, आंटी," बाई म्हणाली. "पर ये लोग नहीं थे तब मेरा आदमी मज़दूरी के लिए बाहर पड़ा रहता था."

एवढ्यात चहाची गिऱ्हाइकं खोळंबली. मुलगी पुढे झाली आणि ग्लास भरू लागली. मी ते नेऊन देऊ लागलो. बसमधून उतरलेल्या, लोकरी टोपी घातलेल्या एका गृहस्थाने ग्लास घेताना विचारलं, "भाईसाहब, ऊपर देखने लायक कुछ है भी? हमको तो घंटे भर का टाइम दिया है."

तिखट उत्तर अगदी जिभेवर होतं. ते गिळून मी त्याला सांगितलं की पहिल्या खडकापाशी थांबू नका, सरळ पुढे जा, जनावरांच्या चित्रांनी गजबजलेला एक मोठा खडक लागेल, त्याच्यासमोर खाली बसा. नुसते बसा.

तासाभराने तो बसकडे परतताना मुद्दाम टपरीवर आला. "बैठा था," तो म्हणाला. "बड़े हाथी के पीछे एक बच्चा भी है, छोटा सा. आपने देखा होगा."

इतक्या वर्षांत मला ते पिल्लू कधी दिसलं नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. तो हसला आणि बोटाने हवेत काढून दाखवू लागला, नक्की कुठे ते.