पाव्हण्यांचे नारंगी कोट

तुमच्या घरातली सगळ्यात चांगली चादर कोणासाठी ठेवलेली असते? तापानं फणफणलेल्या घरच्या माणसासाठी, की वर्षातून एकदा येणाऱ्या पाव्हण्यासाठी? खरं सांगा.

आमच्याकडं, बिदर-गुलबर्ग्याच्या या पट्ट्यात, याचं उत्तर एकच आहे आणि मला त्याचा अभिमानही होता. आक्काला कळा सुरू झाल्या त्या दुपारपर्यंत.

आक्काचं सासर गुड्ड्यावर. कन्नडात गुड्डा म्हणजे टेकडी. धरण भरलं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं, लोक उठून गेले; पण टेकडीवरच्या काही घरांनी आपली तुरीची रानं सोडली नाहीत. आता चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये ही वस्ती. बेटावरच्या विकासकामांचे फोटो चांगले येतात, म्हणून असेल, पण गुड्ड्यावर कामं फार झाली. समाजमंदिर झालं. सोलरचे दिवे आले. व्यायामाची रंगीत लोखंडी यंत्रं आली, त्यांच्यावर बायका गोधड्या वाळत घालतात. मग इंजिनाची होडी आली आणि तिच्यासोबत लाइफ जॅकेटं. होडी पहिल्याच पावसाळ्यात बंद पडली. जॅकेटं मात्र नवीकोरी राहिली, कारण ती गावातल्या कुणी वापरलीच नाहीत.

लोक त्यांना नारंगी कोट म्हणतात. ते समाजमंदिराच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशव्यांत असतात. तपासणीला साहेब आले की बाहेर काढायचे, साहेबांना घालायचे, साहेब परत गेले की फडक्यानं पुसून पुन्हा आत. गुड्ड्यावरची माणसं स्वतः रोज गुळाच्या काहिलीतून पाणी ओलांडतात. गुऱ्हाळात रस कढवायची ती मोठी गोल लोखंडी कढई. तिला ना टोक, ना शेपूट. मधल्या खोल पाण्यात बांबू तळाला टेकत नाही, तेव्हा फळीनं वल्हवावं लागतं आणि काहील स्वतःभोवती फिरत फिरत पुढं जाते.

मी गुलबर्ग्याला शिकते. आक्काचं हे दुसरं बाळंतपण, म्हणून ती सासरीच होती आणि मी चार दिवस सोबतीला गेले होते. तारखेला अजून अवकाश होता. पण जेवणं झाल्यावर ती चुलीपाशी उठता उठता खाली बसली आणि माझ्याकडं नुसतं बघत राहिली. मला कळलं.

दाजींनी पलीकडच्या काठावर ॲम्ब्युलन्स बोलावली आणि काहील पाण्यात लोटली. वारा सुटला होता. एरवी ताटासारखं दिसणारं पाणी काळं पडून उसळत होतं. आक्का बसली, मी बसले. तिची सासू, जिला मी मावशी म्हणते, कपाटाकडून धावत आली. हातात एकच पिशवी. तीही काहिलीत चढली, पिशवी फाडली आणि कोट माझ्या गळ्यात घातला.

"मावशी, मला काय करायचाय? आक्काला घाला!"

"गप बस. पाव्हणी हायस तू. तुला काय झालं तर तुझ्या बापाला कोणतं तोंड दावू?"

"अन् आक्काला झालं तर?"

"ती घरची हाय," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात दुष्टावा नव्हता. पोळी वाढताना "आधी पाव्हण्यास्नी" म्हणतात ना, तसं ती बोलली.

काठावरची एक बाई हसली. "सायबीनच दिसायलीय की गं पोरगी!"

माझे वडील चळवळीतले; त्यांच्या खोलीत मागण्यांच्या पत्रकांचे गठ्ठे असत, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली. पत्रकात कसं बोलायचं ते मला लहानपणापासून येतं. त्या क्षणी मात्र पत्रकातलं काहीच कामाचं नव्हतं. काहील काठ सोडून निघाली होती. माझ्या अंगावर आक्काचा जीव वाचवणारी वस्तू होती.

मी ती काढली. उभं राहता येत नव्हतं, बसल्या बसल्याच आक्काच्या हातांतून ओवली. मावशी ओरडत होती, मी ऐकलं नाही. मग पट्टे ओढले आणि तिथं माझे हात थांबले. पट्टे पोटावरून पुढं येईनात. एका बाजूचं बक्कल दुसऱ्या बाजूपासून वीतभर लांब राहिलं. हे कोट साहेबांच्या मापाचे होते. घेताना कुणी विचारलंच नसणार, की या पाण्यावरून कोण कोण जातं.

"जमंना का?" दाजींनी मागं न बघता विचारलं.

"न्हाई."

दाजींनी डोक्याचा टॉवेल काढून मागं फेकला. तो घेतला मावशीनंच. दोन्ही पट्ट्यांतून ओवून तिनं आक्काच्या छातीखाली करकचून गाठ मारली. त्यानंतर ती पाव्हणीबद्दल एक शब्द बोलली नाही.

आम्ही मध्यावर होतो. काहील फिरायला लागली. गुड्डा समोर यायचा, मग पलीकडचा काठ, मग परत गुड्डा. लाटेचं पाणी आत आलं. मी तांब्यानं उपसत होते, आणि तेवढ्यात आक्काला मोठी कळ आली. तिनं काहिलीचा काठ धरला. काहील एकदम कलली.

"हालू नको!" दाजी किंचाळले. "ये, हालू नको बघ! कलायलीय!"

कळ आली की माणूस अंग पिळवटतं. आक्कानं पिळवटू दिलं नाही. काठावरचा हात सोडून मांडीवर घेतला, कोटाची कॉलर दातांत धरली आणि ती बसून राहिली. तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. आवाज नाही, हालचाल नाही. आणखी अशी एक कळ आली आणि तिला जमलं नाही तर आम्ही चौघं खाली बुडालेल्या गावात जाणार होतो. पाचवं पोटातलं. मी उपसत राहिले. मला पोहता येत नाही. मावशीलाही नाही.

काठ लागला. ॲम्ब्युलन्स उभी होती. मुलगी भालकीच्या दवाखान्यात झाली, टॉवेलची गाठ नर्सनं कात्रीनं कापली.

बाराव्या दिवशी, बारशाला, मी मावशीला म्हटलं, "आता तरी कोट सगळ्यांना घालू द्या."

"घालू की गं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पर मळले तर सायबास्नी काय द्यावं?"

मला हसू आलं, पण क्षणभरच. आक्का सध्या खटकचिंचोळीजवळ आमच्या घरी आहे. महिन्याभरात ती लेकीला घेऊन परत गुड्ड्यावर जाईल, त्याच काहिलीतून. कपाटातल्या सगळ्यात लहान कोटात ती पोर अख्खी मावेल आणि खालून निसटून जाईल. मी ते मनात रोज बघते. दुपारी झोप लागली तरी बघते.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या गावात पंचायतीनं किंवा कुठल्या संस्थेनं जीव वाचवायची वस्तू दिली असेल, तर ती या आठवड्यात बाहेर काढा. गावातल्या एका गरोदर बाईला, एका लेकराला, एका म्हाताऱ्याला ती घालून बघा. बसली नाही तर पुढच्या ग्रामसभेत उठून, सगळ्यांसमोर, बसेल अशी मागा. आणि बसली, तर तिची पिशवी जाळून टाका.